मासळीच्या ओळीतली जागा

खोपट, ठाणे
सोमवार, १४ डिसेंबर २०२०

माधवीवहिनी,

पाकिटावर तुझ्या नावाआधी काय लिहायचं यात माझा बराच वेळ गेला. सौ. लिहिता येत नाही. श्रीमती लिहून खोडलं. शेवटी नुसतं माधवी दौलत नाखवा असं लिहिलं आणि खाली अनिशदादाचा शहाडचा पत्ता. खोडलेलं पाकीट वापरलं नाही, दुसरं आणलं.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअॅपवर तुझा फोटो दिसेनासा झालाय, म्हणजे माझा नंबर ब्लॉक केलायस. तक्रार नाही. भाऊबीजेला अनिशदादाबरोबर गेलीस त्याला परवा महिना होईल. अर्जाबद्दल तुला नीट सांगायचं राहून गेलं म्हणून लिहितोय.

फेरीवाल्यांना दहा हजारांचं सरकारी कर्ज मिळणार, लॉकडाऊनमध्ये बुडालेला धंदा त्यातून उभा करायचा, हे झेरॉक्सच्या दुकानात सगळ्यात आधी मला कळलेलं. त्या दोन महिन्यांत मी एकशे चौदा लोकांचे अर्ज भरले. भाजीवाले, चप्पल शिवणारे, वडापाववाले. एकाच्याही नावात चूक नाही. आपल्या घरचा अर्ज मी सगळ्यात शेवटी भरला, पालिकेच्या शिबिरात जाऊन, दोनदा तपासून.

अर्जासाठी पालिकेच्या सर्वेक्षणाची पावती लागत होती. ते सर्वेक्षण २०१६ सालचं. तेव्हा मासळीच्या ओळीत आई बसायची, म्हणून पावती सगुणा नाखवा या नावाची. ओटीपी येतो तो आधारला जोडलेल्या मोबाइलवर. तुझ्या आधारला आपल्या दौलतदादाचा जुना नंबर जोडलेला होता आणि दादा गेल्यावर ते सिम बंद झालं. त्यामुळे अर्जात आईचं नाव गेलं. नियम तसा होता.

फेरीवाल्यांचं ओळखकार्ड वाटायच्या दिवशी पटांगणात चुन्याचे गोल आखलेले, त्यातल्या आपल्या गोलात तू उभी होतीस. शेजारच्या जागेवरच्या रंगूबाईंचं नाव झाल्यावर तू पदर सारखा करून पुढे निघालीस, आणि पुकारा झाला सगुणा नाखवा. तू दोन पावलं पुढे गेलेली होतीस. ती दोन पावलं तुला मागे यावं लागलं. ते मी पाहिलं.

त्या संध्याकाळी आई तुला जे बोलली त्याबद्दल मी काही लिहीत नाही.

कर्ज मिळालं. त्यातून बर्फाची मोठी पेटी घेतली आणि पहिला माल उचलला. आईला गुडघ्यांमुळे तासाभराच्या वर बसवत नाही, म्हणून सकाळी सात ते दहा मी बसतो, मग दुकानात जातो. ओळीत पुरुष बसत नाहीत हे मला माहीत आहे. पहिल्याच दिवशी मी बांगडे लहान-मोठे बघून रांगेत मांडत होतो, तर रंगूबाई म्हणाल्या, "काय रं मास्तर, हजेरी घेनार काय त्यांची?" सगळी ओळ हसली. गिऱ्हाईक मात्र हसत नाही. तुझं नेहमीचं गिऱ्हाईक येतं, मला बघतं, विचारतं, "त्या कुठे गेल्या? त्या साफ करून द्यायच्या." मी सांगतो, माहेरी गेल्यात. मग ते पुढे सरकतं आणि रंगूबाईंकडून घेतं.

तब्येतीला जप. मास्क नाकावर ठेव.

हितेश


खोपट
सोमवार, १ मार्च २०२१

वहिनी,

तुझं उत्तर रंगूबाईंनी आणून दिलं. माझ्याच पाकिटाच्या मागच्या बाजूला एक ओळ: माझा कोयता पाठवून दे.

पाठवला नाही. मी तो कागदात गुंडाळून ठेवलेला, पण आईने कागद सोडून पुन्हा तेल लावलं आणि जागेवर ठेवला. "ती येईल तवा तिचा ती घेईल," एवढंच बोलली. मी म्हटलं, तिने मागितलाय. आई म्हणाली, "मना ठावं हाय तिनं काय मागितलंय."

आई हल्ली कमी बोलते. तिच्यावर तुझा राग आहे हे मला समजतं. राग थोडा आवर, एवढंच सांगू शकतो.

मागच्या पत्रात मी नियम तसा होता असं लिहिलेलं. ते पूर्ण नव्हतं. ते वाक्य मला रोज आठवतं, म्हणून पूर्ण करतो. सर्वेक्षणात ज्यांचं नाव राहिलं किंवा जे नंतर बसायला लागले, त्यांच्यासाठी वेगळी सोय होती. संघटनेचं पत्र जोडायचं, मग पालिका शिफारसपत्र देते. मी स्वतः एकवीस जणांना ते मिळवून दिलं. संघटना रंगूबाईच बघतात, तुझ्यासाठी पत्र त्यांनी उभ्या उभ्या दिलं असतं. आधारचा नंबर बदलायला चार-पाच दिवस लागले असते. म्हणजे तुझं नाव घालता आलं असतं.

घाई होती, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. शिबिराचे तीनच दिवस उरलेले. पण पुढे त्यांनी मुदत वाढवली, आणि तेव्हाही मी काही केलं नाही.

जागेबद्दल मला जे माहीत नव्हतं ते आता कळतंय. आपल्या ओळीत सासू सुनेला जागा देते ती बोलून देते, एवढं मी ऐकून होतो. तुला दिली तेव्हा मी कॉलेजात होतो, बघितलं नव्हतं. काल रंगूबाईंनी सांगितलं. आई उठली, तुझा हात धरून तुला पाटावर बसवलं, स्वतःच्या पाटीतली पहिली सुरमई तुझ्या हातात दिली आणि ओळीला म्हणाली, "आजपासून हिच्याकडे बघा." त्यानंतर आई त्या जागेवर परत बसली नाही. मी बसवेपर्यंत.

मी रंगूबाईंना विचारलं, सून घर सोडून गेली तर जागेचं काय? त्यांनी कोळंबी सोलता सोलता माझ्याकडे बघितलं. "मी या जागेवर बसले तवा माझा पयला नवरा होता," म्हणाल्या. "तो गेला. तीन वर्सांनी दुसरा केला. सासूनं जागा मागितली नाय, मी सोडली नाय. मरेपर्यंत माझ्याच हातची बोंबलं खाल्ली तिनं. तू कशापायी इचारतोस?"

मी म्हटलं, सहज.

हितेश


खोपट
बुधवार, २८ एप्रिल २०२१

वहिनी,

पुन्हा सगळं बंद आहे. आम्हाला सकाळी सात ते अकरा परवानगी. कार्ड गळ्यात घालून बसतो. कार्ड बघितलं की पोलीस पुढे जातात.

नोंदणी झालेल्या फेरीवाल्यांना सरकार पंधराशे रुपये देणार असं जाहीर झालंय. यादीत नाव आईचं. मी आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "ते माधवीचं. आलं की तिला दे." मी म्हटलं, आई, तुझ्या नावावर येणार. ती म्हणाली, "मी काय इचारलं तुला कोनाच्या नावावर?" आणि तोंड भिंतीकडे केलं.

काल रंगूबाईंनी जे सांगितलं ते खरं का? तू शहाडला पाटी घेऊन दारोदार सुकी मासळी विकतेस, पालिकेच्या पथकाने अडवलं, कार्ड मागितलं. कार्ड नाही म्हटल्यावर तराजू आणि जवळ्याची गोणी उचलून नेली. तू गाडीच्या मागे कोपऱ्यापर्यंत गेलीस.

रंगूबाई हे मला सांगत होत्या तेव्हा तुझ्या फोटोच्या जागी आईचा फोटो असलेलं कार्ड माझ्या गळ्यात होतं. मी ते खिशात घातलं. त्यांनी बघितलं. "खिशात कशाला ठेवतोस?" म्हणाल्या. "घाल की. ऊन लागतंय का त्याला?"

सोबत तराजूचे पैसे पाठवत होतो, रंगूबाईंनी घेतले नाहीत. तू परत पाठवशील आणि हेलपाटा त्यांना पडेल, म्हणाल्या.

अनिशदादाच्या घरात कोणी आजारी नाही ना, एवढं तरी कळव. उत्तर नको असेल तर रंगूबाईंना सांग, त्या मला सांगतील.

हितेश


खोपट
रविवार, ९ ऑक्टोबर २०२२

वहिनी,

दीड वर्ष झालं. मधली चार पत्रं मी लिहिली आणि टाकली नाहीत. त्यात पहिल्या दोन पत्रांतलंच होतं, फक्त जास्त चांगल्या अक्षरात.

आता लिहायला हवंच, कारण पालिकेची नोटीस आली आहे. ओळ हलणार. पुलापलीकडे प्रत्येकाला आखून जागा मिळणार, यादीत ज्याचं नाव त्याला. दिवाळीच्या आधी यादी कायम करणार आहेत. त्यानंतर नाव बदलायचं म्हणजे नव्याने सगळं, आणि ते होईलच याची कोणी खात्री देत नाही. आई श्रावणात पडल्यापासून तिला धड उभंही राहता येत नाही. म्हणजे यादी आहे तशी राहिली तर जागा आईच्या नावावर, तिला बसता येत नाही, माझं बसणं ते धरत नाहीत, आणि काही महिन्यांत रिकामी म्हणून दुसऱ्या कोणाला. तुझी जागा कायमची जाईल. ती वाचवायला आठ-दहा दिवस आहेत.

म्हणून आता सगळं सांगतो. मधे थांबलो तर परत पोस्टात टाकणार नाही.

शिबिरात टेबलावर जो मुलगा होता त्याने पावती बघितली आणि मला स्पष्ट विचारलं, "आत्ता तिथे कोण बसतं?" माझ्यामागे वीस-पंचवीस माणसं होती. विचार करायला वेळ नव्हता असं मी म्हणू शकतो, पण मी घरून निघतानाच ठरवलेलं. मी म्हणालो, "आईच बसते." त्याने विचारलं, "घरातलं दुसरं कोणी?" मी म्हणालो, "वहिनी मदतीला असते." त्याने शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: सून, मदतनीस. मी ते वाचलं. बरोबर आहे म्हणालो.

का, तेही सांगतो. गणपतीच्या आधी अनिशदादा आलेला आठवतो? तुम्ही दोघं बाहेर ओट्यावर बोलत होता. मी आत फॉर्म लावत होतो. विठ्ठलवाडीचा माणूस, रेल्वेत आहे, एक मुलगी आहे, बायको गेली. एवढं ऐकू आलं. तू काय म्हणालीस ते ऐकू आलं नाही. दादाला जाऊन तेव्हा दीड वर्ष झालेलं. तू तिशीची. तू लग्न करणं गैर नव्हतं, मला तसं वाटलंही नाही. मला एवढंच दिसलं की तू जाशील आणि जागा तुझ्याबरोबर जाईल. मग घरात मी, आई आणि झेरॉक्सचा पगार. तो तेव्हा अर्धा झालेला.

तू त्याच दिवशी नकार दिलेलास हे मला या जून महिन्यात कळलं. रंगूबाईंनी सांगितलं. पण नकार दिला नसतास तरी माझं चुकलंच होतं. जागा तुझी होती, तू कुठेही गेली असतीस तरी.

आता जे सांगायला दोन वर्षं घेतली ते. शिबिराला निघताना आईने मला दारात थांबवलं. म्हणाली, "नाव माधवीचं घाल. ध्यानात हाय ना?" मी हो म्हणालो. नंतर तिच्या मोबाइलवर ओटीपी आला तेव्हा तिने विचारलं, "माझ्या फोनवर कशाला आला?" मी सांगितलं, वहिनीचा नंबर बंद आहे म्हणून तुझा दिला. तिने विश्वास ठेवला. तिला वाचता येत नाही. अंगठा तिचा घेतला तेव्हाही तिला वाटलं की सासू म्हणून संमती लागते. मी तसं सांगितलेलं.

पटांगणात पुकारा झाला तेव्हाच तिलाही कळलं.

संध्याकाळी तू तिच्यासमोर उभी राहिलीस आणि विचारलंस, "आई, तुम्ही नाव बदलायला लावलंत?" तिने माझ्याकडे बघितलं. तुझी पाठ माझ्याकडे होती, तुला दिसलं नाही. मी खाली बघत होतो. मग ती म्हणाली, "हो. मीच लावलं."

एक मुलगा गेलेला, एक उरलेला. ओळीत मला तोंड दाखवता यावं म्हणून तिने ते आपल्या अंगावर घेतलं. मी घेऊ दिलं. तू तिला बोललीस ते सगळं ऐकत मी तिथेच बसलेलो. गेली दोन वर्षं तू जो राग धरून आहेस तो चुकीच्या माणसावर आहे. आईने तुझी जागा काढून घेतली नाही. मी घेतली.

तिने मला त्यानंतर एकदाही विचारलं नाही की का केलंस. जेवायला वाढते. कोयत्याला दर आठवड्याला तेल लावते.

मी पालिकेला अर्ज लिहिलाय. त्याची प्रत सोबत आहे. त्यात लिहिलंय की २०२० साली मी चुकीची माहिती दिली आणि जून २०१८ पासून या जागेवर माधवी दौलत नाखवा याच बसत होत्या. पहिलं कर्ज फिटलंय, पावती जोडली आहे. पुढचं वीस हजारांचं आम्ही घेतलेलं नाही. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "असं लिहून देतोस, उद्या तुझ्यावरच आलं तर?" मी म्हटलं, माझ्यावरच आहे ते. दुकानाचे मालक सुमितशेठ यांनाही सांगितलं. ते म्हणाले, यापुढे सरकारी फॉर्मांना हात लावू नकोस, नुसत्या झेरॉक्स काढ.

अर्जावर आईचा अंगठा आणि तुझी सही लागेल. तू आली नाहीस तर अर्ज पुढे जाणार नाही.

हितेश


खोपट
रविवार, १६ ऑक्टोबर २०२२

वहिनी,

पत्र पोचल्याचं रंगूबाईंकडून कळलं. तू वाचलंस आणि घडी घातलीस, असं त्या म्हणाल्या. बाकी त्यांनी विचारलं नाही.

पण मला विचारलं. शुक्रवारी संघटनेचं पत्र मागायला गेलो तेव्हा मी त्यांना अर्ज वाचून दाखवला. दोनदा वाचायला लावला. मग म्हणाल्या, "कागदावर ल्हिलंस ते बरं केलंस. पन तिला जागा दिली ती आमच्या समोर दिली. कागद नवता तवा. आता तू घेतलीस ते पन आमच्या समोर बोल, मग देते पत्र."

मी म्हटलं, रंगूबाई, सगळं लिहिलंय यात.

"आमच्यातल्या किती जनींना वाचता येतं रं मास्तर?"

काल दुपारी बारा वाजता, माल संपल्यावर, बायका पाणी मारत होत्या तेव्हा गेलो. आईला रिक्षाने आणलेलं. ती जागेवर बसलेली, पाय लांब करून. अकरा जणी होत्या. गंगुबाईंनी पाण्याचा पाइप बंद केला, त्यामुळे फारच शांत झालं. मी लिहून नेलेलं, पण कागद काढला नाही. तू तिथे नव्हतीस म्हणून जसं बोललो तसंच लिहितो.

मी म्हणालो, "ही जागा माधवीवहिनीची आहे. आईने मला तिचंच नाव घालायला सांगितलेलं. मी आईचं घातलं. आईला खोटं सांगितलं, टेबलावर खोटं सांगितलं. वहिनी गेली ती माझ्यामुळे. आई दोन वर्षं माझ्यासाठी गप्प बसली."

मग गंगुबाई म्हणाल्या, "येवढं बोलाला दोन वर्सं?" मी हो म्हणालो. दुसरी कोणी म्हणाली, "आनि आमी त्या म्हातारीला पान्यात पाहत होतो." तेव्हा आईने मान खाली घातली. ओळ तिच्याशी बोलत नव्हती, वहिनी. दोन वर्षं. सकाळी मी तिला घेऊन यायचो, माझ्याशी सगळ्या बोलायच्या, थट्टा करायच्या, म्हणून माझ्या ते लक्षातच आलं नाही.

आईने रंगूबाईंना हाक मारली. म्हणाली, "मना उठव." दोघींनी धरून उठवलं. ती जागेवरून बाजूला झाली आणि मागच्या कट्ट्यावर बसली. माझ्याकडे बघितलं नाही. रिक्षात बसताना तिने माझा हात घेतला नाही, गंगुबाईंचा घेतला.

पत्र मिळालं आहे. संघटनेचा शिक्का आहे, अकरा जणींच्या सह्या आणि अंगठे आहेत.

मंगळवारी १८ तारखेला सकाळी साडेदहाला खिडकी उघडते. आधार मूळ आणि दोन प्रती, पासपोर्ट आकाराचे दोन फोटो. आधारचा नंबर बदललेला नसेल तर बाहेर त्याचं केंद्र आहे, आधी तिथे जा. बाकी सगळे कागद रंगूबाईंकडे दिलेत, क्रमाने लावून. तुला काही भरावं लागणार नाही. एकदा वाचून बघ, मी लिहिलंय म्हणून बरोबर असेल असं धरू नकोस.

मी येणार नाही. दुकानात असेन. आई रंगूबाईंबरोबर येईल. तिच्याशी बोलायचं की नाही ते तुझं तू ठरव, मी सांगणारा कोणी नाही. फक्त कार्यालय पहिल्या मजल्यावर आहे आणि रंगूबाईंना आता एकटीला ती आवरत नाही. जिना चढताना आईला डाव्या बाजूने धरावं लागतं.

हितेश